सेंटरची एकच जागा

पुरवणीच्या क्रीडापानावर माझ्या हातून एक चूक गेली. ती गेली नसती तर पुढचं काहीच मला कळलं नसतं.

एका इटालियन बास्केटबॉलपटूच्या प्रदीर्घ कारकिर्दीवरचा इंग्रजी मजकूर मी मराठीत आणत होतो. शाळकरी वयात मोठ्यांच्या संघात आलेला हा माणूस चाळिशी उलटल्यावरही खेळत होता. एका सामन्यात तर समोरच्या संघात त्याचा स्वतःचा मुलगा होता. देशाकडून खेळलेल्या सामन्याला इंग्रजीत 'कॅप' म्हणतात. क्रिकेटच्या बातम्यांत हा शब्द इतक्यांदा येतो की मला तो माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. तरीही छापून आलं ते असं: 'देशाने त्याला अनेक टोप्या देऊन गौरवले.' मुद्रितशोधकाने वाक्यात एक स्वल्पविराम घातला आणि पान सोडलं.

आमची पुरवणी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांपुरती निघते. आम्ही तिघे ती काढतो. तक्रारींसाठी खाली माझा नंबर असतो. सोमवारी दुपारी फोन आला. पलीकडे एक बाई होत्या.

"बास्केटबॉलमध्ये टोपी घालून खेळता येत नाही, सर. रेफ्री काढायला लावतो."

मी चूक कबूल केली. शुद्धिपत्र देतो म्हणालो.

"शुद्धिपत्र ठेवा तुमच्याकडेच. तो मुलाविरुद्ध खेळला असं लिहिलंय. मग काय झालं ते कुठंय?"

"मूळ मजकुरात तेवढंच होतं."

"म्हणजे त्यानं मुलाला अडवलं की सोडलं, हे कोणी विचारलंच नाही?"

मी विचारलं, त्यांना हे कशासाठी हवंय. पेपरमध्ये वीस वर्षं काढल्यावर हा प्रश्न सवयीनं तोंडात येतो.

"मी खेळते," त्या म्हणाल्या.

"खेळायचात?"

"खेळते. आणि पुढच्या महिन्यात माझी मुलगी समोर असणार आहे."

पुढच्या रविवारी सकाळी मी अंबरनाथ पूर्वेच्या मैदानावर गेलो. मैदान म्हणजे नगरपालिकेच्या शाळेमागचं काँक्रीटचं कोर्ट. एका बोर्डाला जाळी होती, दुसऱ्याला नव्हती. बाई सापडायला वेळ लागला नाही. त्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत मोठ्या होत्या. वय चव्वेचाळीस. एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात त्या पॅकिंगच्या पट्ट्यावर तपासणीस आहेत. बाकी मुली कॉलेजातल्या किंवा नुकत्या नोकरीला लागलेल्या. त्या मैदानावर ओरडत, "काकू, बॉल! काकू, मागे!" दर वेळी हाक ऐकून मला वाटे, कोणीतरी डबा घेऊन आलंय.

खेळायला लागून तीस वर्षं झाली, असं त्यांनी सांगितलं. जागा सुरुवातीपासून एकच, सेंटरची. म्हणजे बोर्डाखाली उभं राहायचं, परत आलेला चेंडू धरायचा आणि समोरच्या उंच मुलीला तिथे पाय ठेवू द्यायचा नाही. लग्नानंतर दोन वर्षं आणि मुलीच्या वेळी दीड वर्ष, एवढाच खंड.

त्या इटालियन माणसाबद्दल त्यांचे प्रश्न तयार होते. त्याच्या गुडघ्यांचं काय झालं? उडी कमी झाली तेव्हा त्यानं काय बदललं? संघातली पोरं त्याला काय म्हणायची? शेवटचा सामना हा शेवटचा आहे हे त्याला आधी ठाऊक होतं का? मी वहीत उतरून घेतले. मजकुराचं भाषांतर करताना यातला एकही प्रश्न मला पडला नव्हता.

"आणि मुख्य म्हणजे मुलाचं," त्या म्हणाल्या.

मुलीची गोष्ट अशी. ती बारावीला आहे, उल्हासनगरच्या कॉलेजात, म्हणून तिथल्याच क्लबकडून खेळते. उंची आईची, जागाही आईचीच. पुढच्या महिन्यातली स्पर्धा पाहायला जिल्ह्याच्या निवड समितीचे तीन सदस्य येणार होते. तिथून महिलांचा संघ निवडला जाणार आणि राज्य स्पर्धेला जाणार. तिथं खेळलेल्या मुलीला प्रमाणपत्र मिळतं. मुलीला मुंबईच्या एका कॉलेजात क्रीडा कोट्यातून प्रवेश हवा होता आणि अर्जाला ते प्रमाणपत्र लागणार होतं. गुणांवर तिथे जागा मिळण्यासारखी नव्हती. संघात दुसऱ्या एका सेंटरचं नाव आधीच नक्की होतं. उरली होती एक जागा.

"मी जोरात खेळले तर पोरगी दिसणारच नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी नाही खेळले तर आमच्याकडे दुसरी सेंटर नाही. या पोरी सहा महिने माझ्याबरोबर घाम गाळतायत."

"मुलगी काय म्हणते?"

"ती म्हणते, मम्मी, तू तुझं बघ. बोलायला सोपं आहे."

त्या आठवड्यात मी शोध घेतला. इंग्रजीत मिळालं ते सगळं एकमेकांवरून उतरवलेलं होतं. बाप आणि मुलगा समोरासमोर आले, ही ओळ प्रत्येक ठिकाणी, आणि तिच्यापुढे पूर्णविराम. इटालियन मजकूर मिळाले, पण मला इटालियन येत नाही. ते यंत्राकडून मराठीत करून घेतले. यंत्राचं मराठी वाचणं हा वेगळा अनुभव आहे. रिबाउंडला त्याने 'उसळी' म्हटलं होतं, कर्णधाराला 'सरदार'. बाप-मुलाच्या सामन्याबद्दल एका ठिकाणी होतं, बापाने मुलाला 'चिन्हांकित केले'. मी ते वाक्य निरुपयोगी म्हणून बाजूला टाकलं. मुलाच्या अंगावर बापाने कसली खूण केली असेल, काही उमगेना.

बाईंना फोनवर हे गंमत म्हणून सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. "बरोबर आहे की. मार्क केलं त्यानं त्याला."

"मार्क?"

"आम्ही काय म्हणतो? 'अकरा नंबरला मार्क कर.' म्हणजे तिच्या अंगाला लागून राहा, चेंडू मिळू देऊ नकोस. तेच म्हणताहेत ते. म्हणजे त्यानं दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही, स्वतःच उभा राहिला."

मी इटालियन शब्दकोश पाहिला. त्या शब्दाचा खेळातला अर्थ नेमका तोच होता. अंबरनाथच्या कोर्टावर मुली दिवसातून शंभरदा ओरडतात तो शब्द आणि इटालियन वर्तमानपत्रातला शब्द एकाच मुळाचा. मधल्या शुद्ध मराठीने तो माझ्यापासून लपवला होता.

"पण किती जोरात मार्क केलं ते नाही लिहिलं," बाई म्हणाल्या.

"नाही."

"हं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

स्पर्धा उल्हासनगरच्या एका शाळेच्या कोर्टावर झाली. निवड समितीचे तिघे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मधोमध बसले होते. त्यांतले दोघे सतत फोनवर. तिसरे वांगणीचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक, मांडीवर वही. आई चौदा नंबर, मुलगी अकरा.

पहिल्याच चेंडूला आई मुलीच्या पुढे जाऊन उभी राहिली. मुलगी उडी जास्त मारते, पण तिला उडीसाठी जिथं पाय ठेवायचे तिथं आईचे पाय आधीच असत. पहिल्या दहा मिनिटांत मुलीला चेंडू दोनदाच मिळाला. प्रेक्षकांना नातं कळलं आणि तोंडं सुटली.

"अरे, आईच आहे ती! आज घरी जेवण नाही मिळणार!"

"काकू, जाने दो ना, बच्ची है!"

मुलगी वैतागून म्हणाली, "मम्मी, ढकलू नकोस ना!"

रेफ्रीने तिला गप्प राहण्याची खूण केली. तिचे सिंधी कोच कडेवरून ओरडले, "बेटा, वो मम्मी नहीं है, सेंटर है! घूम के जा!"

दोन वेळा आईने उजव्या बाजूने जायचा आव आणला आणि डाव्या हाताने चेंडू टाकला. मुलगी दोन्ही वेळा चुकीच्या बाजूला गेली. उत्तरार्धात आई दमली. मुलगी मोकळी झाली, तिने बास्केट केले, आणि उल्हासनगर थोडक्यात जिंकलं. संपल्यावर दोघींनी हात मिळवले, बाकी खेळाडूंसारखेच. आई बाकावर बसून गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून होती. मुलगी पाण्याची बाटली देऊन गेली.

यादी पुढच्या शुक्रवारी आली, संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. बारा ओळी, टाइप केलेल्या, आधी आडनाव, मग आद्याक्षरं. खाली दोन राखीव. सातव्या ओळीवर या मायलेकींचं आडनाव होतं आणि पुढे 'स. वि.'

आता आपल्याकडे मुलगी लग्नाआधी मधे वडिलांचं नाव लावते आणि बाई लग्नानंतर नवऱ्याचं. घरातला पुरुष तोच, त्यामुळे मधलं नाव दोघींचं एकच. आडनाव एकच. दोघींच्या नावाचं पहिलं अक्षर 'स'. जागा सेंटरची, दोघी सेंटर. सातवी ओळ दोघींचीही होती.

आमच्या पानावर बायकांची नावं आद्याक्षरांनी छापायची नाहीत, पूर्ण छापायची, असा नियम आहे. कधीकाळी कोणी संपादकाने केला, तो टिकला. शनिवारी संध्याकाळी पान जाणार होतं. मी संघटनेच्या चिटणीसांना फोन केला.

"सातव्या ओळीवर आई की मुलगी?"

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. ते हसायला लागले. "मीटिंगमध्ये आम्ही आडनावच घेतलं हो. म्हटलं, ती सेंटर. सगळ्यांनी माना डोलावल्या."

"कोणाबद्दल डोलावल्या?"

"आता ज्याच्या त्याच्या मनात जी असेल ती." पुन्हा हसले. "असं करा, त्यांनाच सांगा, घरातलीच गोष्ट आहे. दोघींत ठरवून टाका. जिचं ओळखपत्र येईल ती आमची खेळाडू."

मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी ते घरात मोठ्याने सांगितलं. मागून पुरुषाचा आवाज आला, "चिठ्ठ्या टाका!" ते त्यांचे यजमान, एमआयडीसीतच एका इंजिनिअरिंग कारखान्यात ऑपरेटर.

"चिठ्ठ्या कसल्या टाकता," बाई त्यांना म्हणाल्या. मग मला, "त्या वांगणीच्या सरांच्या वहीत असेल. ते लिहीत होते. विचाराल?"

वांगणीचे सर फोनवर बोलायला तयार झाले नाहीत. वही बघायची तर घरी या, म्हणाले. शनिवारी सकाळी गेलो. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं, मग शेताच्या कडेने चालत. सरांनी ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि वही आणली. पानावर एकही नाव नव्हतं. नुसते नंबर आणि पुढे बारीक अक्षरांत शेरे.

"नावं लिहीत नाही मी," सर म्हणाले. "नाव लिहिलं की ही कोणाची कोण ते डोक्यात येतं. मग शेरा बदलतो."

"त्या दोघी मायलेकी होत्या हे तुम्हाला कळलं होतं?"

"ओरडत होते की सगळे. म्हणून तर नंबर."

चौदाभोवती गोल होता. पुढे लिहिलं होतं: 'जागा धरते. दोन्ही हात. अर्धा सामना पुरेल.' अकराला गोल नव्हता. पुढे: 'पुढच्या वर्षी. डावा हात नाही.' यादीतल्या राखीवांत पहिली सोनिवलीची मुलगी होती, दुसरी टिटवाळ्याची.

"मीटिंगमध्ये हे सांगितलं नाहीत?"

"चौदा म्हणालो. त्यांनी आडनाव लिहिलं," सर म्हणाले आणि वही मिटली.

परतीच्या वाटेवर अंबरनाथला उतरलो. हे फोनवर सांगावं असं वाटलं नाही. इमारतीचा तिसरा मजला. बाईंची सुट्टी होती. यजमान दुसऱ्या पाळीला निघायच्या बेतात. मुलगी खिडकीशी अर्ज घेऊन बसली होती. मी शेऱ्यांसकट सगळं जसंच्या तसं वाचून दाखवलं.

पहिल्यांदा यजमान बोलले. "हे अजून कोणाला सांगितलंय?"

"नाही."

"चिटणीसच म्हणतोय ना, घरी ठरवा. मग ठरलं. पोरीचं नाव छापा. काय खोटं आहे त्यात? यादीत स. वि. आहे, ही स. वि. आहे."

"नंबर चौदा आहे," बाई म्हणाल्या.

"अगं, कोण बघतंय नंबर! आणि तुला काय गरज होती एवढं खेळायची? अर्धा सामना बसली असतीस तर आज हे झालं असतं का?"

"बसले असते तर हिला कोणी पाहिलंच नसतं. मोकळ्या बोर्डाखाली कोणीपण बास्केट करतं."

"आता पाहिलं ना? मग घेतली का?"

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "मी नाही येत म्हणून कळवलं तर?"

"राखीवांतली पहिली जाईल," मी म्हणालो. "सोनिवलीची."

"म्हणजे हिला काहीच नाही."

"नाही."

"मग एकच मार्ग राहिला," यजमान म्हणाले आणि बूट घालू लागले, जणू विषय संपला.

मुलीने अर्ज खाली ठेवला. "पप्पा, राज्य स्पर्धेआधीच्या शिबिरात वांगणीचे सर येणार आहेत."

"मग?"

"मग काय? ते म्हणतील, डावीकडून टाक. मी डावा हात कुठून आणू? मम्मीचा लावू?"

"शिकशील."

"आठ दिवसांत?" ती आईकडे वळली. "तुला तीन वर्षं झाली मला सांगून. मी ऐकलं नाही. तुझी चूक नाहीये ती."

"तुझं कॉलेज..." आई म्हणाली.

"ते माझं मी बघेन. इथंच घेईन ॲडमिशन, उल्हासनगरला. पुढच्या वर्षी परत ट्राय करेन." मग आवाज चढला. "आणि नाही म्हणून कळवायचं असेल ना, तर त्या दिवशीच कळवायचं होतंस. मला एक बॉल मिळू दिला नाहीस. पूर्ण कॉलेज हसत होतं. ते कशासाठी केलंस मग? घरी बसण्यासाठी?"

बाई पाणी प्यायला आत गेल्या आणि बराच वेळ आतच राहिल्या. यजमानांनी एक बूट घातला होता, दुसरा हातात. ते म्हणाले, "सगळी डोकी एकाच घरात जन्माला घातलीत देवानं." मग दुसराही बूट घातला आणि कामाला गेले.

बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. "पूर्ण नाव छापा," म्हणाल्या. "माझं. वयसुद्धा लिहा, लोकांना वाटायला नको की छपाईची चूक आहे."

वय लिहिण्याचा आमच्याकडे नियम नाही, पण मी लिहिलं. त्या ओळीवर पानावरची सगळ्यांत जास्त पत्रं आली. निम्म्यांना वाटलं ती छपाईची चूकच आहे.

शिबिर आठवडाभराचं होतं, ठाण्याला, सकाळ-संध्याकाळ. बाईंनी कारखान्यात रजा टाकली. पहिल्या दिवशी दारावरच्या माणसाने त्यांना पालकांच्या रांगेत उभं केलं, असं त्यांनीच मला नंतर फोनवर सांगितलं. राज्य स्पर्धेत त्या तीन सामने खेळल्या, प्रत्येक वेळी अर्धा.

मुलीने अर्ज यादी छापून आल्यावरच्या सोमवारीच भरला होता. राज्य स्पर्धेतल्या सहभागाचा रकाना होता, तिथे तिने 'नाही' लिहिलं. मुंबईच्या कॉलेजात तिचं नाव लागलं नाही. यजमानांनी शिबिराच्या आठवड्यात दुसरी पाळी बदलून पहिली घेतली, कारण संध्याकाळी स्वयंपाकाला घरी कोणीतरी लागणार होतं.